ओदिलचे साठ मीटर

क्रांती करायला निघालेल्या त्या मुलांकडे सगळं होतं, फक्त पाटी नव्हती. शॉटचा नंबर लिहून कॅमेऱ्यासमोर खट्कन वाजवतात ती पाटी मे महिन्यात पोलिसांपुढे पळताना कुठेतरी पडली. तेव्हापासून प्रत्येक शॉटच्या आधी ओदिल कॅमेऱ्यासमोर यायची, तोंडाने नंबर सांगायची, एक टाळी वाजवायची आणि बाजूला व्हायची. त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचा आणि मग टाळी कापून टोपलीत टाकायची, हे हुगेतचं काम.

हुगेतची तीस वर्षं पॅरिसमधल्या एडिटिंगच्या खोल्यांत गेली होती. अडुसष्टच्या मे महिन्यातल्या देशभरच्या संपात तीही होती, म्हणून या सात विद्यार्थ्यांचा सिनेमा ती बेलव्हिलमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर बसून फुकट कापून देत होती. मुलं तिला आवडायची. खरं सांगायचं तर ओदिल आवडायची. बाकीचे सहा जण बोलायचे फार. एखादा शॉट दोन सेकंदांनी आखूड करायचा, तरी सभा भरवून हात वर करून मतं घ्यायचे.

सिनेमात ओदिलचं एकच भाषण होतं. तिची आई सँ-दनीच्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायची. संपात तिथल्या बायकांनी महिनाभर सगळ्यांसाठी सूप शिजवलं आणि भाषणं मात्र पुरुषांनी ठोकली, एवढंच ती चार मिनिटांत सांगत होती. तिच्या शॉटला टाळी द्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्यामुळे तिचे ओठ बघून बघून आवाज जुळवताना हुगेतचा अख्खा दिवस गेला आणि ते भाषण तिला पाठ होऊन बसलं.

गुरुवारी दुपारी सभा भरली. तिबो उभा राहिला. वडील बडे नोटरी, घर नुईच्या श्रीमंत वस्तीत, आणि मुलगा कामगारांच्या वतीने बोलायला सदैव तयार.

"सातही जणांना सारखी साठ मीटर फिल्म," तो म्हणाला. "इथे कुणी हिरो नाही."

सातही हात वर गेले.

"म्हणजे माझं भाषण पूर्ण बसतंय," ओदिल म्हणाली. "ते चव्वेचाळीसच मीटर आहे."

तिबोने कागद चाळला. "तू तर प्रत्येक शॉटमध्ये आहेस की गं! सत्तर टाळ्या. मोजा हो, मादाम हुगेत."

हुगेतने मोजल्या. बरोबर साठ मीटर भरले. मोजल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

"अरे, त्या टाळ्या आहेत! त्या कापून फेकतात."

"फिल्म खर्च झाली ना? मग झालं तर. आमची स्टारच आहेस तू."

सगळे हसले. ओदिल हसली नाही. "रविवारी आई येतेय रे. शिक्षण सोडून तू तिथे करतेस तरी काय, असं चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं तिने. तू बघच, म्हटलं. मावशीचा कोट मागून आणलाय तिने."

"हे वैयक्तिक झालं, ओदिल. आईला आपली भूमिका कळेल की."

सहा विरुद्ध एक. ठराव वहीत गेला.

"ओदिलचा वाटा म्हणजे टाळ्या, असंच लिहिलंय ना?" हुगेतने विचारलं.

"अगदी तसंच."

"मग मी वहीप्रमाणेच कापते."

"कापायलाच हवं, मादाम. सामूहिक निर्णय आहे."

मुलं गेल्यावर हुगेतने भाषणाची पट्टी हलक्या हाताने गुंडाळून डब्यात ठेवली. मग टोपली पुढे ओढली आणि एकेक टाळी बाहेर काढून जिथली होती तिथे परत चिकटवायला घेतली. शुक्रवार-शनिवार तिकडे कुणी फिरकलं नाही. सगळे कारखान्याच्या दारात पत्रकं वाटत होते. पहिल्या टाळीत ओदिलच्या केसांना पिवळी रिबीन होती आणि हसू दाबताना तिची त्रेधा उडत होती. तिसाव्या टाळीनंतर रिबीन गेली. साठाव्या टाळीच्या आसपास डोळे सुजलेले होते. हुगेतला भरून आलं, आणि तिने ते आवरलंही नाही.

रविवारी तीन वाजता विद्यापीठाचा हॉल भरला. मादाम केर्वेल, म्हणजे ओदिलची आई, तिसऱ्या रांगेत खांद्याला सैल होणारा कोट घालून लेकीशेजारी बसली होती. सिनेमा सुरू झाला. ओदिल आली, "एक" म्हणाली, टाळी वाजवून गेली. मग तिबो बोलला. ओदिल आली, "दोन" म्हणाली, गेली, दुसरा बोलला. हॉलमध्ये खसखस पिकली. विसाव्या टाळीपर्यंत ती खसखस थांबली. चाळिसाव्या टाळीला तिबो काय सांगतोय याकडे कुणाचं लक्षच राहिलं नव्हतं. ही मुलगी कधी बोलणार, याची सगळे वाट बघत होते.

"सत्तर," ओदिल म्हणाली. टाळी वाजली. या वेळी ती हलली नाही. तिने थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून तिबोचा आवाज आला, "बाजूला हो ना, ओदिल!" ती बाजूला झाली. तिबो कॅमेऱ्यासमोर आला, त्याचं शेवटचं वाक्य झालं आणि पडदा पांढरा पडला.

"अहो, बोलू द्या की पोरीला!" अंधारात मादाम केर्वेल ओरडल्या.

कुणी हसलं नाही. दिवे लागले. तिबो लालबुंद होऊन उठला. "कॉम्रेड्स, ही तांत्रिक चूक—"

"चूक नाही," मागून हुगेत म्हणाली. "वही बघ."

तो वही शोधत राहिला. ओदिलने आईच्या मांडीवरचा आपला हात सोडवून घेतला, ती पुढे गेली आणि पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहिली.

"एकाहत्तर," ती म्हणाली. टाळी तिने वाजवली नाही, आणि बाजूलाही झाली नाही.