इंदुमतीच्या बाजूची

"मेली, सुनेच्या पुढ्यातलं ताट वढतीय बग," चिमाबाईने टीव्हीकडे पाहून कडाकडा बोटं मोडली. "मरताना पानी मिळायचं न्हाई हिला."

"किडं पडतील हातात," दारात बसलेली दुसरी म्हणाली.

टीव्हीवरची सासू, इंदुमती, पदराला झटका देऊन म्हणाली, "या घरात मी नाही म्हटलं म्हणजे नाही." चिमाबाईच्या माजघरात जमलेल्या बायका एकदम उसळल्या. एकटी ठमाबाई भिंतीला टेकून गप्प बसली होती आणि पदराआड गालातल्या गालात हसत होती.

येडगावात तोवर घरोघरी टीव्ही आले होते, तरी ही मालिका बघायला सगळ्या चिमाबाईकडेच जमत. एकटीने शिव्या द्यायला काय मजा? चिमाबाईची सासू वारून कैक वर्षं झाली होती. ती जिवंत असेतो चिमाबाईच्या तोंडून ब्र निघाला नव्हता. तो सगळा राग आता रोज संध्याकाळी इंदुमतीच्या नावाने निघायचा. जिने तिने आपापली सासू त्या जरीच्या साडीत बसवून घेतली होती.

ठमाबाईचं तसं नव्हतं. इंदुमती 'नाही' म्हणते आणि समोरचं माणूस ऐकून घेतं, एवढंच तिला दिसे आणि तेवढ्यासाठी ती रोज येई. उभ्या जन्मात ती कुणाला नाही म्हणाली नव्हती. तिची लाडकी गाय नवऱ्याने, भिकाने, बेल्ह्याच्या बाजारात विकायला काढली, तेव्हा दावं तिनेच सोडून त्याच्या हातात दिलं. मुलीला चौथीतून घरी बसवलं, तेव्हा तिचं दप्तर हिनेच फळीवर ठेवून दिलं. भिका काही वाईट माणूस नव्हता. नको म्हटलं असतं तर कदाचित त्याने ऐकलंही असतं, पण ते आता कळणार कसं?

भिका वारला, आणि आता ठरवायला बाळासाहेब होता. हा तिचा मुलगा चाकणला कंपनीत होता. गावी आई एकटी असते म्हणून लोक नावं ठेवतात, तर तिला कायमची चाकणला न्यायची आणि घराला कुलूप लावायचं असं त्याने ठरवलं. "चालंल ना, आई?" त्याने फोनवर विचारलं होतं. ठमाबाई सवयीने म्हणाली, "चालंल की."

चालणार नव्हतं. चाकणच्या त्याच्या खोलीत ती मागे महिनाभर राहून आली होती. दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. इथे पहाटे धरणावरून गार वारा आला की तिचं मन जागच्या जागी असायचं. रविवारी टेम्पो येणार होता. रडत रडत बोचकी तिनेच बांधून ठेवली होती.

आणि नेमकी आदल्या दिवशी इंदुमती जुन्नरला आली. साड्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. येडगावच्या बायका जीप ठरवून निघाल्या, तेव्हा ठमाबाईही कोपऱ्यात चेपून बसली. दुकानाबाहेर बाईंचं खरं नाव हातभर अक्षरांत लिहिलं होतं, पण ते वाचायला कुणाला सवड होती? दुकानदाराने आत हळदीकुंकू ठेवलं होतं. एकेक जणी बाईंना कुंकू लावी आणि लावता लावता दोन शब्द सुनवून घेई. चिमाबाईने तर दमच भरला, "सुनंला नीट नांदव, सांगून ठिवते."

ठमाबाई विधवा. ती त्या रांगेत कशी जाणार? दुकानाच्या मागच्या बोळात ती सावलीला उभी राहिली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि साक्षात इंदुमती पायरीवर येऊन टेकली. गाडी गर्दीत अडकली होती. बाई दमली होती, आणि टीव्हीवर दिसे त्यापेक्षा बरीच बुटकी होती.

"तुम्हीही बोलून घ्या, मावशी," ती कपाळ पुसत म्हणाली. "आज सगळ्यांनी झोडपलंय मला."

"मी कशापायी बोलू? मला तुमी लई आवडता," ठमाबाई म्हणाली. बाईने चमकून वर पाहिलं. "तुमी न्हाई म्हनता नव्हं, ते. भ्या न्हाई वाटत?"

बाई हसायला लागली. "वाटतं की. समोर एवढे मोठमोठे नट असतात. मी त्यांच्या डोळ्यांत बघतच नाही. कानाच्या पाळीकडे बघते. तुम्हाला वाटतं, मी रोखून बघतेय."

"आन मंग?"

"मग हळू बोलायचं. आणि बोलून झालं की गप्प राहायचं. तेच अवघड असतं. आपणच सारवासारव करायला लागलो की संपलं."

"घरीबी असंच बोलता?"

"घरी कोण लिहून देतं, मावशी?" बाई म्हणाली. गाडी आली. जाताना तिने ठमाबाईचा हात क्षणभर दोन्ही हातांत धरला.

रविवारी सकाळी टेम्पो दारात लागला. बाळासाहेब उतरला, मागून सून सोनल. "आई, आवरलं ना?" म्हणत तो बोचक्यांकडे वळला.

"बाळासाहेब, हिकडं ये."

ती त्याच्या कानाकडे बघू लागली आणि तिथेच घोटाळा झाला. पाळीवर लहानपणी टोचलेल्या भोकाची खूण होती. सोनाराने तार घातली तेव्हा हा तिच्या मांडीवर केवढा कळवळला होता. 'चालंल की' अगदी ओठावर आलं.

"मी येनार न्हाई," ती हळू म्हणाली.

"म्हंजे? काय झालं? कोन काय बोललं का तुला?"

ठमाबाई गप्प राहिली. दुखतंय म्हणावं, पुढच्या महिन्यात बघू म्हणावं, असं दहादा मनात आलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि त्याच्या कानावरची नजर सोडली नाही.

"मी म्हनत व्हते तुमाला," सोनलच शेवटी बोलली, "आत्याबाईंचं मन हितंच हाय म्हनून."

बाळासाहेब बोचक्यावर बसला. त्याने लांब श्वास सोडला, आणि ठमाबाईला दिसलं की त्याच्याही अंगावरचं ओझं उतरलं आहे. "लोक बोलत्यात, आई. म्हनून केलं सगळं. आगं, मी इचारलं व्हतं की. तवाच का नाय बोललीस?"

"तवा येत नव्हतं," ठमाबाई म्हणाली.

सोनलने तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. तिला हसू येत होतं आणि डोळे गळत होते, आणि जन्माचं काहीतरी मोकळं झाल्यासारखं छातीत हलकं हलकं वाटत होतं.

टेम्पोवाला दारातून डोकावला. "बाळासाहेब, सामान चढवू का?"

बाळासाहेब आईकडे बघू लागला, म्हणून सोनल बघू लागली, म्हणून टेम्पोवालाही तिच्याकडेच वळला.

"नगं, भाऊ," ठमाबाई त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "चहा घ्या आन मोकळा न्या टेम्पो."