जा रे वर, ये रे घर

जिना चढायला वेळ लागतो, उतरायला लागत नाही, हे कौसल्येला पुस्तकाआधी पायांनी शिकवलं होतं. लालबागच्या त्यांच्या चाळीत नळ तळाला आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. भरली कळशी कमरेवर असली की पायऱ्या संपता संपत नसत. रिकामी घेऊन उतरताना त्याच पायऱ्या पावलांखालून पळत सुटत. म्हणून वर फेकलेल्या दगडाचं गणित आलं की ती वर जायचा वेळ बरोबर काढी आणि खाली यायचा निम्मा धरी.

मार्चमध्ये पदार्थविज्ञानानेच तिची मॅट्रिक अडवली होती. आता ऑक्टोबरची परीक्षा तोंडावर आली होती, आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काम करणारी तिची आई, रखमा, सांगून चुकली होती, "ह्या येळाक पास नाय झालंस तर माझ्यावांगडा खात्यात. बायकांक कामार लावणाऱ्या नायकिणीकडे शब्द टाकलंय मी."

शेजारचा जगदीश कॉलेजात सायन्स शिकत होता. तो तिला गॅलरीत बसवून शिकवी. पण उद्या सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर तो निघणार होता, तेव्हा आजची शिकवणी शेवटची.

"सेकंदाला चौसष्ट फूट वेगाने दगड सरळ वर फेकला. हातात परत कधी येईल?"

कौसल्येने पाटीवर लिहिलं, तीन सेकंद.

"परत तीन!" जगदीशने कपाळावर हात मारला. "वर जाताना दर सेकंदाला बत्तीस फुटांनी वेग घटतो. चौसष्टाचा शून्य व्हायला?"

"दोन सेकंद."

"आणि खाली यायला?"

"खाली काय, पटकन येतो."

"कुणी सांगितलं गं तुला?"

दारात तांदूळ निवडणारी रखमा म्हणाली, "माका इचार. वर जावक येळ लागता. खाली येवक काय?"

"मावशी, दगडाच्या कमरेवर कळशी नसते!" जगदीश हसला. "कौसे, जो बत्तीस वर जाताना वेग काढून घेतो, तोच खाली येताना परत देतो. जायचा वेळ तोच यायचा. पाठ कर नि मोकळी हो."

"मार्चमध्ये पाठच केलं होतं. पेपरात घाबरले नि पुन्हा जिनाच आठवला. मला पटलं पाहिजे, दादा."

"मग तूच पटव स्वतःला." खालून 'झालाच पाहिजे'ची आरोळी आली, आणि तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला.

कौसल्या उठली नाही. जरा वेळाने तिने फळीवरच्या डब्यातून सागरगोटे काढले. एक वर उडवला, आणि लहानपणचे बोल आपोआप ओठांवर आले.

*जा रे वर,*
*ये रे घर.*

'वर' म्हणताना गोटा डोक्याच्या वर क्षणभर थबके. 'घर' म्हणताना तळव्यात असे. तिने मुद्दाम दुसरी ओळ घाईने म्हटली आणि मूठ मिटली. मूठ रिकामीच, मागून आलेला गोटा बोटांच्या पेरांवर टणकन बसला. तिने पुन्हा उडवला, अजून उंच. पुन्हा पेरांवर. बोटं लाल झाली.

"अभ्यास करतलंस की खेळतलंस?" रखमा करवादली.

"आई, तू म्हण. सावकाश, दोन्ही ओळी सारख्या. मी डोळे मिटते."

रखमाने सूप बाजूला ठेवलं. हा खेळ तिनेच लेकीला शिकवला होता. "जाऽ रे वऽर," तिने सूर लांबवला, तसा कौसल्येने गोटा उंच भिरकावला. "येऽ रे घऽर."

मिटल्या डोळ्यांनी तिने मूठ मिटली. गोटा आत होता.

"परत म्हण."

दिवेलागण होईपर्यंत दोघी म्हणत राहिल्या. मग कौसल्येने पाटीवरचे तीन पुसून चार लिहिले.

पेपरात शहाण्णव फुटांचा वेग आला. वर जायला तीन सेकंद. खाली यायला, असं म्हणताच पायांखालून जिना पळू लागला. तिने लेखणी ठेवली, डावा तळवा मांडीवर उघडला, मनात दोन्ही ओळी सारख्याच लांबवल्या आणि मूठ मिटली. मग लेखणी उचलून उत्तर लिहिलं.

फाटकाशी रखमा उभी होती, खाडा करून आलेली.

"किती इलां?"

"सहा. तीन वर, तीन खाली."

रखमाचे ओठ हलले. एकदा 'वर'पाशी, एकदा 'घर'पाशी.

"बरोबर," ती म्हणाली. "उद्या नायकिणीक सांगतंय, माझ्या चेडवाची वाट बघू नको म्हणान."