मतपत्रिकेच्या तळाशी माझा नवरा

माझा नवरा वेंडेल अठ्ठावीस वर्षं निवडून येत होता, आणि आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना तो कधी उभा होता हेच ठाऊक नव्हतं. मतपत्रिका हातात आली की सगळ्यांचं लक्ष वर, गव्हर्नरच्या नावाकडे. तिथं माणूस चष्मा पुसतो, घसा साफ करतो, जणू गव्हर्नर त्याला विचारल्याशिवाय जेवणारच नाही. मग जसजसं खाली यावं तसतसा हात ढिला पडत जातो. खजिनदार, हिशेब तपासनीस, शेरीफ, आणि सगळ्यात तळाला, अंगठा ठेवायच्या जागी, हाय बेलिफ. तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांच्या नाकात बाहेरच्या टेबलावरच्या डोनटचा वास गेलेला असतो. कागद टाकायचा पेटीत आणि निघायचं.

हाय बेलिफला काम एकच. शेरीफला अटक करायची. शेरीफ सगळ्यांना पकडतो, पण शेरीफलाच पकडायची वेळ आली तर कुणी पकडायचं, म्हणून आमच्या व्हर्मॉन्ट राज्याच्या जुन्या लोकांनी ही जागा करून ठेवली. शेरीफ आत बसला तर तेवढे दिवस त्याची खुर्चीही हाय बेलिफनंच सांभाळायची. वेंडेलनं जन्मात कुणाला अटक केली नाही. जिल्ह्यानं दिलेल्या बेड्या त्यानं वासरांच्या कोंडवाड्याच्या फाटकाला लावल्या, कारण तिथली कडी मोडली होती. "सरकारी वस्तू सरकारी कामालाच वापरतोय," म्हणायचा. "वासरं काय पळून जायला मोकळी सोडू?" दोन्ही पक्ष त्यालाच उमेदवारी द्यायचे. तो थोर होता म्हणून नव्हे. दुसरा कुणी हो म्हणत नव्हता म्हणून.

त्याही वर्षी त्यानं मे महिन्यात अर्ज भरला. जुलैत गवत भरताना गाडीच्या कठड्याला टेकून बसला तो उठलाच नाही. मी त्याला पुरलं, उरलेलं गवत भरलं, आणि त्याचं नाव मतपत्रिकेवरून काढायचं असतं हे मला सुचलं नाही. पक्षवाल्यांनाही सुचलं नाही. तो जिवंत असताना ज्यांना त्याची आठवण नव्हती त्यांना मेल्यावर कुठून येणार?

सप्टेंबरात अग्निशमन दलाचं कोंबडीचं जेवण झालं. शेरीफ रॉयस टॅट्रो तिथं गळ्यापर्यंत प्याला आणि सरकारी गाडी घेऊन घरी निघाला. माझ्या शेजारच्या ल्युसिएन पेल्कीच्या कुरणाशी रस्ता वळतो. रॉयस वळला नाही. कुंपण मोडून सरळ आत गेला आणि आपल्या मालकाच्या कुरणात उभ्या असलेल्या, कुणाचं काही न बिघडवलेल्या कालवडीला उडवलं. ल्युसिएन धावत आला, वास आला, म्हणाला, "साहेब, तुम्ही प्यालाय." झालं. रॉयसनं तिथल्या तिथं त्याच्यावर दोन गुन्हे लिहिले. जनावर मोकळं सोडलं, आणि अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणला.

सकाळी मी गेले तर ल्युसिएन कुंपणाशी उभा.

"आर्डिथबाई, दुसरा गुन्हा शाबीत झाला तर माझी बस जाईल."

ल्युसिएन शाळेची बस चालवतो. त्याला मूलबाळ नाही. कुठल्या पोराला उलटी होते, कुणाच्या आईबापांत भांडण चालू आहे, कुणाला उतरल्यावर दारापर्यंत बघत राहावं लागतं, सगळं त्याला माहीत. ती बस गेली तर त्या माणसाकडे बोलायला गायीच उरतील, आणि त्यातलीही एक कमी झालेली.

"तू त्याला उलट का नाही बोललास?"

"बोललो की. म्हणून तर दुसरा गुन्हा लागला."

कुरणातल्या क्लोव्हरच्या गवतात चाकांचे चर पडले होते आणि तिथंच गाडीचा अख्खा दिवा पडला होता. रॉयसला तो उचलायचीही शुद्ध नव्हती. मी तो उचलला, घरी नेऊन पिठाच्या डब्यात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जिल्ह्याच्या सरकारी वकिलीणबाईंकडे गेले. इमोजेन सेल्स तिचं नाव. वयानं लहान, पण डोक्यानं नाही. तिनं दिवा पाहिला, शेरीफची एका डोळ्यानं आंधळी गाडी कचेरीच्या अंगणात उभी होती तीही खिडकीतून पाहिली.

"वॉरंटचा कागद मी करते," ती म्हणाली. "पण शेरीफवर तो बजावणार कोण? राज्याच्या पोलिसांना फोन केला, तर म्हणाले जिल्ह्याची भानगड जिल्ह्यात निस्तरा. कायद्यानं ते काम हाय बेलिफचं. आपल्याकडे कोण आहे हो हाय बेलिफ?"

"माझा नवरा."

"मग त्यांनाच पाठवा ना!"

"पाठवलं असतं. पण तो चर्चच्या मागं पुरलाय."

तिनं पेन खाली ठेवलं. मतपत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्यावर वेंडेलचं नाव होतं, एकट्याचंच. तो निवडून आला की जागा रिकामी, आणि ती गव्हर्नरनं भरायची. मागं शेजारच्या जिल्ह्यात अशी जागा रिकामी झाली तेव्हा गव्हर्नरला ती आठवेपर्यंत पुढची निवडणूक आली. ल्युसिएनची तारीख फेब्रुवारीत होती.

"नावाखाली एक कोरी ओळ असते," इमोजेन म्हणाली. "तिथं लोक दुसरं कुणाचंही नाव लिहू शकतात."

"लिहितील," मी म्हटलं. "माझं लिहितील."

नणंद लिओना हे ऐकून मोटार काढून भांडायला आली. "आर्डिथ, लाज नाही वाटत? मेलेल्या नवऱ्याच्या विरोधात उभी राहतेस?"

"जिवंत होता तेव्हा रोज राहत होते. तेव्हा तुला वाईट वाटलं नाही ते?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना तो उभा आहे हे तरी माहीत आहे का?"

ऑक्टोबरात चर्चचं 'चिकन पाय'चं, म्हणजे बिस्किटांखाली शिजवलेल्या कोंबडीचं, जेवण असतं. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात, गेली कित्येक वर्षं. मी प्रत्येक ताटावर ग्रेव्ही घालताना पळी हवेत धरून ठेवली आणि म्हटलं, "तळाच्या ओळीत माझं नाव लिहायचं. ल्युसिएनच्या बसचा प्रश्न आहे." लोक ग्रेव्हीकडे बघत म्हणाले, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे नाही. फक्त तोंडात घास असताना दिलेला नकार. ज्यांची पोरं त्याच बसमधून रोज सुखरूप घरी येतात त्यांनीही बघूच म्हटलं, आणि वर क्रॅनबेरी मागितली. एकानं तर विचारलं, "आधी ग्रेव्ही घाला, मग सांगा, ती ओळ मतपत्रिकेवर असते कुठं?" त्याच्या ताटात मी ग्रेव्ही घातली नाही. बिस्किट कोरडं खाऊन गेला मेला.

मोजून पाहिलं तर माझी मतं म्हणजे मी, ल्युसिएन, आणि इमोजेन, तिनं गाव सोडलं नाही तर. रॉयसनं गप्प बसायचं, एवढंच त्याला करायचं होतं. गप्प बसला असता तर वेंडेल नेहमीसारखा झोपेत निवडून आला असता आणि ल्युसिएन बसवरून उतरला असता. पण शेरीफची खुर्ची माणसाला एक रोग लावते. काही न करणं त्याला अपमानाचं वाटतं. माझ्या पळीची बातमी त्याच्यापर्यंत गेली आणि त्यानं पाट्या छापल्या. काळी किनार, मध्ये वेंडेलचा जत्रेतल्या बैलाशेजारचा फोटो, आणि खाली: "एका सज्जनाला शेवटचा सलाम. हाय बेलिफ पदासाठी वेंडेल कोल्बर्न." प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक दुकानाच्या काचेत. माझ्या स्वतःच्या टपालपेटीशेजारीसुद्धा. रोज सकाळी माझा मेलेला नवरा बैलाशेजारी उभा राहून माझ्याविरुद्ध मतं मागायचा. चर्चमध्ये रॉयस डोळे पुसत लिओनाला म्हणाला, "वेंडेलसारखा बेलिफ होणे नाही." ते मात्र खरं होतं. रॉयसला तरी त्याचा कधीच त्रास झाला नाही.

मग दुकानात गंमत झाली. मी मीठ घ्यायला गेले होते. गल्ल्यावरच्या बाईनं काचेतल्या पाटीकडे बोट केलं.

"आर्डिथबाई, वेंडेल कशाला उभा होता म्हणे? हे हाय बेलिफ काय असतं हो?"

"शेरीफला अटक करतो तो."

पिठाच्या रांगेतून एक डोकं वर आलं, खिळ्यांच्या पेटीमागून दुसरं.

"शेरीफला? रॉयसला?"

"जो शेरीफ असेल त्याला."

"बेड्या घालून?"

"बेड्या माझ्या कोंडवाड्यालाच आहेत."

"आणि वेंडेल निवडून आला तर?"

"तर तो कबरीतून उठून अटक करील, असा रॉयसला विश्वास दिसतो."

रॉयसनं आमच्या जिल्ह्यात कुणाला सोडलं नव्हतं, पण शेरीफच्या ओळीतही तो दर वेळी एकटाच असायचा. कुणाला मागचा दिवा मिणमिणला म्हणून दंडाची चिठ्ठी, कुणाच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता म्हणून, कुणी गाईशिवाय काही न जाणाऱ्या वाटेवर थांबला नाही म्हणून. मला स्वतःला उभ्या बसच्या मागं हॉर्न वाजवला म्हणून. ते सगळे आता पाट्यांपाशी गाडी थांबवून पाटी वाचायला लागले. त्यानं पाट्या लावल्या नसत्या तर कुणी तळापर्यंत पाहिलं नसतं. त्यानं स्वतःच्या हातानं अख्ख्या जिल्ह्याची मान खाली वाकवून ती ओळ दाखवली.

मतदानाच्या दिवशी सभागृहात प्रचार करायला बंदी, म्हणून मी बाहेर लाकडांच्या ढिगाशी सफरचंदाच्या सारणाचे 'ॲपल पाय' घेऊन उभी राहिले. एरवी लोक आत जाऊन लगेच बाहेर यायचे. त्या दिवशी आत रांग हलेना. सगळे तळाला अडकलेले. निकाल लागला तेव्हा कळलं, गव्हर्नरच्या रकान्यात जेवढ्या खुणा होत्या त्याहून जास्त मतं आमच्या रकान्यात पडली होती. वेंडेल हरला, पण जिवंतपणी कधी मिळाली नव्हती एवढी मतं घेऊन हरला. त्याला आनंदच झाला असता. मी जिंकले. ल्युसिएनच्या कालवडीसाठी कुणी मत दिलं नाही, प्रत्येकानं आपापल्या चिठ्ठीसाठी दिलं. मला काय करायचंय? पेटीत कारण टाकावं लागत नाही.

फेब्रुवारीत शपथ झाली. इमोजेननं कागदावर सही केली आणि म्हणाली, "हा बजावला की ल्युसिएनवरचा खटला मी मागं घेते. त्याला रॉयसच्या शब्दाशिवाय दुसरा आधारच नाही."

बेड्या फाटकाला गोठून बसल्या होत्या. किटलीभर गरम पाणी ओतलं तेव्हा सुटल्या. फाटक गवताच्या भाऱ्याच्या सुतळीनं बांधलं आणि निघाले.

रॉयस कचेरीत टेबलावर पाय ठेवून बसला होता. "आर्डिथकाकू, झाला ना विनोद? आता घरी जा."

"विनोद तू केलास रॉयस, पाट्या लावून. मी फक्त कागद आणलाय. पाय खाली घे."

त्यानं कागद वाचला. त्याच्या तोंडावरचा रंग एकेक पायरी उतरत गेला. त्याचे दोन शिपाई भिंतीकडे तोंड करून भलतीच मन लावून कॉफी ओतत होते.

"काकू, लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत तुम्ही माझं नाक पुसलंय."

"तेव्हा नीट पुसलं असतं तर ही वेळ आली नसती. हात पुढं कर."

"ह्याला वास कसला येतोय?"

"वासरांचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही."

त्याला माझ्या ट्रकमध्ये पुढं बसवलं, कारण मागं खताची पोती होती. न्यायालयाकडे निघालो. ल्युसिएनच्या कुरणाच्या वळणावर समोर पिवळी बस थांबली, लाल दिवे लुकलुकायला लागले. मी थांबले. बसचे दिवे लागले की गव्हर्नरसुद्धा थांबतो.

पोरं उतरली. ल्युसिएननं आरशात पाहिलं. माझा ट्रक पाहिला, शेजारी कोण बसलंय ते पाहिलं, मांडीवर काय चमकतंय ते पाहिलं. पोरं रस्ता ओलांडून गेली, त्यांच्या घराचं दार उघडून मिटलं, तरी दिवे लुकलुकतच होते. ल्युसिएन खाली उतरला, बसभोवती फेरी मारली, एका चाकावरचा बर्फ बुटानं सावकाश खरवडला, मग दुसऱ्या.

"पोरं उतरली की सगळी!" रॉयस म्हणाला. "हॉर्न वाजवा ना, काकू."

"बसच्या मागं हॉर्न वाजवला की दंड होतो," मी म्हटलं आणि इंजिन बंद केलं.

ल्युसिएन तिसऱ्या चाकाकडे गेला.