साठ सेलांची पेटी

शांतवनचं डोकं सकाळपासून तापलेलं, आणि तापायला कारणही तसंच होतं. नगरच्या लष्करी वर्कशॉपात तीस वायरलेस संच दुरुस्त होऊन पडले होते, पण ते तपासायचं यंत्रच बॅटरीवाचून बंद. लढाईमुळे मुंबईहून नवी बॅटरी येईना. फोरमन मच्छिंद्र म्हणाला, "मार 'पास'चे शिक्के. चारच्या गाडीनं माल ब्रह्मदेशाकडं जायचाय."

"तिथं माझा भाऊ गिदोन असलाच संच पाठीवर घेऊन फिरतोय. मुका निघाला तर तुम्ही धावणार का?"

"मग चारच्या आत तपास. नाहीतर शिक्का मारणारे पुष्कळ आहेत."

शांतवननं त्यासाठीच पेटी केली होती. टॉर्चचे साठ सेल एकापुढं एक जोडले की नव्वद व्होल्ट होतात, यंत्राला तेवढे पुरतात. बाजारात सेल औषधालाही मिळेना. मग चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, उपकारस्तुतीच्या रविवारी सुगीचं दान देवाला वाहताना यंदा बाजरी-अंड्यांबरोबर सेलही आणा. लोकांनी आणले, रीतीप्रमाणं प्रत्येकावर नावाची चिठ्ठी डकवून.

पेटी यंत्राला जोडली. काटा नव्वदावर चढला आणि पाच मिनिटांत पन्नासावर आला. शांतवननं कपाळावर हात मारला. कुणीतरी संपलेले सेल उन्हात वाळवून दिले होते. ऊन खाल्लं की ते घटकाभर चालतात, मग मान टाकतात. देवाला लंगडं कोकरू वाहणारा हा कोण हरामखोर? एकेक सेल बल्बला लावून पाहिला. तीन मेलेले, आणि एका माळेतले म्हणून तेच बाकीच्यांचा जोर अडवत होते. तिन्हींवर नाव एकच, साराबाई. त्याची आई.

सायकल हाणत तो घरी गेला. "देवाच्या दानात कचरा घालताना लाज नाही वाटली तुला?"

आईनं ट्रंकेतून गिदोनचा टॉर्च काढला. "नवे सेल ह्याच्यात ठेवले हुते. तो आल्यावर लागंल म्हणून. जुने वाळवले तर पेटले की रे, मला वाटलं चालतील."

"अगं, त्याच्यासाठीच तर मागत होतो."

आईचा चेहरा पडला. तिनं टॉर्च रिकामा करून तिन्ही सेल त्याच्या हातात कोंबले. "मग उभा काय राहिलास? पळ."

चाराला दहा कमी असताना तिसावा संच तपासून झाला. अकरा मुके निघाले. मच्छिंद्रनं शिक्का पुढं सरकवला. "मार सगळ्यांवर. कोण बघतंय?"

शांतवननं चांगल्या एकोणीस संचांवर शिक्के मारले, शिक्का खिशात घातला आणि ते अकरा संच एकेक करून परत बाकावर आपटले. "माझ्या आईनं पोराचा टॉर्च रिकामा करून दिलाय. ह्यातला एक जरी गाडीत चढला, तर त्याच्याबरोबर तुम्हालाही बांधून पाठवीन."

चारची गाडी एकोणीस संच घेऊन गेली.