कुरडयांची साक्ष

त्या एप्रिलात नारायणगुड्यात ऊन असं पडलं, की तारेवरचे कावळे एकमेकांच्या सावलीत बसायला भांडायचे. खोटं वाटत असेल तर हिम्मतरावांना विचारा. त्यांनी वीज कंपनीत लाइनमन म्हणून सदतीस वर्षं काढली होती, आणि त्या सदतीस वर्षांच्या त्यांच्याजवळ चौऱ्याहत्तर वर्षं पुरतील एवढ्या गोष्टी होत्या. आभाळातली वीज पडायची ती आधी त्यांना विचारून. खांब त्यांना बघून जरा वाकायचे, म्हणजे चढायला त्रास नको. सगळ्यांत लाडकी गोष्ट बेगम बाजारातल्या खांबाची. जोडीदार विजय वरून घसरला आणि हिम्मतरावांनी त्याचा पट्टा एका हातानं धरून त्याला टांगून ठेवलं. ही गोष्ट ऐकली नाही असं गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

आता गुडघे गेले होते. खांब चढणाऱ्या माणसाला स्वतःच्या गच्चीच्या बेचाळीस पायऱ्या जड झाल्या होत्या.

कंपनीनं यंदा एक बरं काम काढलं. जुन्या कामगारांच्या गच्चीवर उन्हावर चालणारी पॅनेलं बसवायची, घरापुरती वीज घरात वापरायची, उरलेली शेजारच्या अंगणवाडीच्या पंख्यांना द्यायची. हिम्मतरावांच्या गच्चीवर ती बसवायला आली त्रिवेणी. विजयची मुलगी. विजय जाऊन तीन वर्षं झाली होती. पोरगी परीक्षा देऊन कंपनीत लागली, आणि तिनं एकटीनं केलेलं हे पहिलंच काम. ते धड झालं तर नोकरी कायम होणार होती.

आणि नेमकं तेच धड होईना. दिवसाला बारा युनिट यायला हवीत, तर येत होती पाच. त्रिवेणी दोनदा आली. तारा तपासल्या, काचा पुसल्या, तिच्यासमोर पॅनेलं गुणी बाळासारखी वागली. ती गेली की परत पाच.

"लाजतायत ती," हिम्मतराव म्हणाले. "नवी नवरी सासरी गेल्यावर जेवत नाही, तसं."

"काका, उद्या दोन वाजता मोठे साहेब येतायत," त्रिवेणी म्हणाली. ती हसली नाही. "जोडणीत खोट निघाली तर मला परत प्रशिक्षणाला पाठवतील. कायम व्हायचं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी हिम्मतराव जेवायला बसले. त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, तळलेली कुरडई पानात वाढली. चांगली फुलली होती.

"अगं, इतक्यात वाळल्या?"

"दोन दिवसांत! तुमच्या त्या काचांवर धोतर अंथरून घातल्या. उतरत्या आहेत, खालून वारा लागतो. पंधरा दिवस झाले, शेवयासुद्धा तिथंच घातल्या."

हिम्मतरावांनी हातातला घास पानात ठेवला. "पण त्रिवेणी आली तेव्हा गच्ची तर मोकळी होती!"

"यायच्या आधी फोन करते की ती. मी गोळा करून ठेवते. वाळवण परक्या नजरेला पडलं की तांबडं होतं, एवढं कळत नाही? आत्ताच उचललंय, साहेब यायचेत म्हणून."

"काचेवर सावली पडली तर वीज कशी होणार!"

"मला काय ठाऊक? तुम्हीच तर गल्लीभर सांगत होता, माझ्या गच्चीवरची पॅनेलं घोंगडं टाकलं तरी चालतील म्हणून!"

सांगितलं होतं खरं. अगदी हात वर करून सांगितलं होतं.

दोन वाजता साहेब आले, सोबत त्रिवेणी. सिकंदराबादचे, तेलुगू घरातले, हिशेबानं बोलणारे. गच्चीवरून त्यांचा आवाज खाली येत होता: आत्ता बरोबर, मागे पंधरा दिवस वाईट, म्हणजे जोड ढिला आहे, म्हणजे बसवणारीचा दोष.

हिम्मतरावांनी कठडा धरला. दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत बेचाळीस पायऱ्या चढले. वर पोचले तेव्हा घामानं निथळत होते.

"सार, दोष माझा आहे. कुरडया आहेत."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग हसले. "हिम्मत चाचा, आपकी बातां पूरे डिपार्टमेंट में मशहूर हैं. पोट्टी को बचाने आए न?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले आणि कोणी मानीना! हिम्मतरावांनी जिन्यात तोंड घालून हाक मारली, "कुसुम! धोतर घेऊन ये! कुरडयांसकट!"

"साहेबांसमोर?"

"होऊ देत तांबड्या!"

कुसुमताई आल्या. पदर खोचून त्यांनी धोतर पसरलं, त्यावर कुरडया मांडल्या. साहेबांच्या फोनवरचा आकडा अडीच किलोवॅटवरून धाडकन पाऊणवर आला. उचललं, अडीच. पसरलं, पाऊण. साहेबांनी स्वतःच्या हातानं तिसऱ्यांदा पसरून बघितलं.

"अरे देवुडा," ते म्हणाले, आणि त्रिवेणीच्या कागदावर तिथंच सही केली. "जोड एकदम पक्का है." मग डोळे मिचकावले. "तो चाचा, बेगम बाजारवाली भी ऐसीच सच्ची है?"

हिम्मतरावांनी त्रिवेणीकडे बघितलं. कागद छातीशी धरून ती उभी होती, हुबेहूब विजयसारखी, एका पायावर भार देऊन.

"नाही," ते म्हणाले. "घसरलो मी होतो. पट्टा विजयनं धरला. खालून शिडी येईपर्यंत सोडला नाही. त्याचा खांदा पुढं जन्मभर दुखायचा."

कुसुमताईंच्या हातातली कुरडई तशीच राहिली.

"मला माहीत आहे, काका," त्रिवेणी म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, मग तुम्ही खोडून का काढत नाही? तर म्हणाले, राहू दे, हिम्मत सांगतो तशी जास्त रंगते. आणि सांगायला तो जिवंत उरला, यातच आलं सगळं."

हिम्मतरावांनी काचांकडे तोंड फिरवलं. चकाकत होत्या, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असेल. मग त्यांनी त्रिवेणीच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला काही सुचलं नाही, आणि ही गोष्ट कुसुमताई अजून कोणालाही सांगतात.

जाताना साहेबांना कुरडयांचा डबा मिळाला. त्रिवेणीनं पॅनेलांवर सावली पडणार नाही अशा कोपऱ्यात दोऱ्यांवर धोतर ताणून वाळवणाला जागा करून दिली, बाजूनं जुन्या साडीचा आडोसासुद्धा बांधला, नजरेसाठी. अंगणवाडीतले पंखे त्या दुपारपासून गरगरायला लागले.

संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी जमली. हिम्मतरावांनी घसा साफ केला.

"बेगम बाजारात मी खांबावरून घसरलो," ते म्हणाले.

"तुम्ही? विजय ना?"

"मध्ये बोलू नका. मी घसरलो. आणि विजयनं मला एका हातानं धरलं. तीन दिवस! दुसऱ्या हातानं तार जोडत होता."