पाव मीटर

माझी मुलगी खोटं बोलत नाही, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

हसू नका. मागच्या महिन्यात शेजारीण दारात आली. माझी बायको आतून हाताने खुणावत होती, झोपलेय म्हणून सांग. ही चौदा वर्षांची बया चौकटीत उभी राहून म्हणाली, "अम्मी झोपलेली नाही काकू, पण तिला आत्ता बोलायचं नाहीये." शेजारीण तीन आठवडे आमच्या दिशेने बघतही नव्हती. बायकोने कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, "घ्या! अजून शिकवा."

शिकवलं मीच, नाही कशाला म्हणू? सहा वर्षांची असताना ती वर्गातल्या कुणाचं तरी खोडरबर घेऊन आली होती. चुकून आलं होतं. मी भर दुपारी दुकान बंद करून तिला त्या मुलीच्या घरी घेऊन गेलो आणि तिच्या हाताने ते परत द्यायला लावलं. वाटेत सांगितलं, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली की ती अमानत असते, ती जशी आली तशी परत गेली पाहिजे. केवढा ताठ चालत होतो मी त्या दिवशी!

मी टेलर आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, इस्त्री आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले तयार कपडे. मुलगी लहानपणी माझ्या मशिनखाली बसून बॉबिनी गोळा करायची, म्हणून तिचं नाव बॉबिन पडलं. ती सात वर्षांची झाली, नमाज शिकायला लागली, तेव्हा मी तिला जानमाज शिवून दिली. नमाज पढताना अंथरायची, नऊ रंगांचे नऊ तुकडे जोडून केलेली; कापून उरलेल्या कातरणीची आहे, असं तिला सांगितलं होतं. मधोमध, कपाळ टेकतं तिथे, निळा तुकडा. ती दुकानात खिळ्याला असायची. शाळा सुटली की बॉबिन दुकानात यायची, दुपारची उरलेली नमाज तिच्यावर पढायची आणि मग माझ्याजवळ काम शिकायला बसायची.

यंदा मी तिला कापड बेतायला शिकवायला घेतलं. बेतणं ही आमच्या धंद्याची खरी अक्कल आहे, शिवायला काय, कुणीही शिवतो. शाळेतल्या एक बाई झग्यासाठी कापड देऊन गेल्या होत्या, अडीच मीटर. ते टेबलावर पसरून मी तिच्या हातात खडू दिला आणि बाजूला उभा राहिलो. पोरीने असं बेतलं, की मला माझ्या उस्तादांची आठवण झाली. बाह्या उलटसुलट मांडल्या, गळ्याच्या पोकळीत खिशाची पट्टी बसवली. मी मनात माशाअल्लाह म्हणत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "अब्बा, पाव मीटर उरतंय. माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही. उरतंच ते."

"मग आपण बाईंना अडीच का सांगितलं?"

"कापड आटतं बेटा."

"बाईंनी धुऊन आणलंय. तुम्हीच विचारलं होतंत."

मी तो पाव मीटर कापून, घडी घालून टेबलाखालच्या खणात टाकला. विचार करून नाही. माझे हात अडतीस वर्षं हेच करत आले आहेत. बॉबिन आधी खणाकडे बघत राहिली. मग तिची नजर भिंतीवर गेली. ती उठली, जानमाजीजवळ गेली आणि एकेका तुकड्यावरून बोट फिरवायला लागली. नऊही तुकडे सरळ होते आणि एकाच रुंदीचे. कातरण अशी नसते. कातरण वेडीवाकडी असते, हे तिला मीच शिकवलं होतं.

त्या दिवशी ती उघड्या फरशीवर नमाज पढली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. चौदा वर्षांची मुलं दारं आपटतात, उलट बोलतात, त्यांना दोन शब्द सुनावता येतात. ही तसलं काही करेना. आईबापाला 'उफ'सुद्धा म्हणू नये, हेही तिच्या डोक्यात मीच घातलं होतं ना! घरात आल्यावर सलाम करायची, माझ्यासाठी पाणी आणायची, जेवताना पहिलं ताट मला वाढायची. फक्त जानमाज खिळ्यावरच राहायची. आणि नमाजेनंतर हात वर करून ती दुआ मागायची, तेव्हा हळू आवाजात रोज एक वाक्य असायचं, "अब्बांना माफ कर." दहा बाय बाराच्या खोलीत हळू आवाज कुठे लपतो?

मी तिला समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, "तुझ्याएवढाच होतो मी उस्तादांकडे लागलो तेव्हा. त्यांनी पहिल्या आठवड्यात कातर कशी धरायची ते शिकवलं आणि दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, गिऱ्हाइकाला नेहमी पाव मीटर वाढवून सांगायचं. मला वाटलं, हेही कामच आहे. कधी चोरी वाटलीच नाही." हे खरं होतं. सोनाराची नि शिंप्याची संगत नको, असं लोक गमतीने म्हणायचे आणि मीही त्यांच्याबरोबर खो खो हसायचो. मडकं कच्चं असताना जो आकार दिला तो दिला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपा म्हणतात, अल्लाहचा हक्क चुकला तर अल्लाह माफ करतो. माणसाचा मारला, तर त्या माणसानेच माफ करावं लागतं." आपा म्हणजे मोहल्ल्यातल्या मुलींना संध्याकाळी दीन, म्हणजे धर्म, शिकवणाऱ्या बाई. त्या वर्गात तिचं नाव मीच घातलं होतं. वळण लागावं म्हणून!

रविवारी तिने ब्लेड घेऊन जानमाजीचा एकेक टाका उसवला. नऊ तुकडे धुतले, इस्त्री केली आणि माझ्यापुढे मांडले. "कुणाकुणाचे आहेत?"

टेलर चेहरे विसरतो, कापड विसरत नाही. नऊपैकी सहा मी ओळखले. बायको म्हणाली, "अहो, लोक वेड्यात काढतील. सगळेच टेलर करतात." पण मी निघालो. मला माझी मुलगी परत हवी होती, बाकी खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

टॅक्सीवाल्याने करडा तुकडा हातात घेऊन पोट धरून हसून घेतलं. "अरे मास्तर, याचं मी काय करू? गाडी पुसू?" आणखी तिघांनी असंच हसण्यावारी नेलं. माफ केलं का, असं बॉबिनने विचारलं की म्हणायचे, "हो गं बाई, केलं." मला वाटलं, चला, सुटलो.

मग शाळेतल्या बाईंकडे गेलो. त्यांचा झग्यातला ताजा तुकडा आणि जानमाजीतला जुना, दोन्ही बॉबिनने पुढे केले. बाईंनी ते जोडून बघितले. "म्हणजे इतकी वर्षं? प्रत्येक कपड्यातून?" मी मान खाली घातली. त्यांनी बॉबिनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माफ केलं, तुझ्याकडे बघून." माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्यानंतर त्यांचं कापड दुकानात आलं नाही.

निळा तुकडा नर्सबाईंचा होता. बॉबिनचा जन्म झाला तेव्हा दवाखान्यात रात्रभर माझ्या बायकोजवळ थांबलेल्या त्याच नर्सबाई. आम्ही जिना चढून दार वाजवलं. एका अनोळखी माणसाने उघडलं. नर्सबाई मागच्या वर्षी वारल्या, मागे कुणी नाही, सामानही वाटून टाकलं, असं त्याने सांगितलं आणि दार लावून घेतलं. बॉबिन तो निळा तुकडा दोन्ही हातांवर धरून तशीच उभी होती. मी आपांना विचारून आलो. त्या म्हणाल्या, त्यांच्या नावाने दान करा, त्यांच्यासाठी दुआ करा. ज्यांचे मालक आठवत नव्हते त्या तुकड्यांचंही तसंच केलं.

"झालं ना आता?" मी विचारलं.

"झालं अब्बा," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण नर्सबाईंनी माफ केलं असेल का?"

मेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून काय विचारायचं असतं, हे मला कोणत्याच उस्तादाने शिकवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तोबा केली. तिच्यासमोर म्हटलं, "पुन्हा असं होणार नाही." आणि मनापासून म्हटलं. दुसऱ्या दिवशी कापडाच्या दुकानातून हिरवं कापड आणलं, तिने स्वतः बेतलं, स्वतः शिवलं. खिळ्याला नवी जानमाज लागली. कित्येक दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "अब्बा, आज शेजारी शेजारी पढू." माझं पोट भरलं.

त्यानंतर अकरा दिवस मी माणसासारखा वागलो. सव्वादोन लागणार असेल तर सव्वादोनच सांगितलं. बाराव्या दिवशी एक बाई आल्या. लग्नाला जायचं होतं, घाईत होत्या. मी काज करत होतो, सुई दातात धरलेली. बॉबिन टेबलापाशी बेतत होती. बाईंनी विचारलं, "मास्तर, लांब बाह्यांचा झगा. किती कापड आणू?"

"अडीच," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. मन नंतर आलं, जीभ आधी पोचली. अडतीस वर्षं ज्या वाटेने गेली त्याच वाटेने. मी दातातली सुई काढली. बाईंनी दोनदा 'अडीच' म्हणून बघितलं आणि पुन्हा विचारलं, "नक्की ना? गेल्या आठवड्यात माझ्या शेजारणीला तुम्ही सव्वादोन सांगितलं होतं. माप तर आमचं सारखंच."

मी सुईत दोरा ओवायला लागलो. बॉबिनने खडू खाली ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सव्वादोन पुरेल काकू," ती म्हणाली. "अब्बांच्या ऐकण्यात चूक झाली. त्यांना वाटलं, तुम्ही चुणीचा झगा म्हणालात, त्याला जास्त लागतं."

बाई 'बरं बरं' म्हणून गेल्या.

माझ्या कानांना काही झालेलं नाही. मी स्वच्छ ऐकलं होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. शेजारणीसमोर आईसाठी जिची जीभ वळली नव्हती, ती आज माझ्यासाठी वळली. केवढ्या सहज! तिने कापडाकडे बघितलं, पुन्हा खडू उचलला आणि रेघ मारली. रेघ वाकडी गेली. तिने ती बोटाने पुसली, पुन्हा मारली, पुन्हा वाकडी गेली.

नमाजेची वेळ झाली. तिने हिरवी जानमाज अंथरली. माझी जानमाज शेजारी अंथरली नाही, मीही उठलो नाही. ती कपाळ टेकून सजद्यात गेली ती बराच वेळ वर आलीच नाही. मग हात वर करून हळू आवाजात म्हणाली, "या अल्लाह, मी खोटं बोलले. मला माफ कर." एवढंच. रोज असायचं ते माझ्याबद्दलचं वाक्य आज नव्हतं.

माणसाचा हक्क मारला तर त्या माणसाकडेच माफी मागायची. नर्सबाईंकडे जायला मला वाट नव्हती. ही तर जिवंत होती, माझ्या हाताच्या अंतरावर बसली होती. मी तोंड उघडलं. अडीच म्हणायला ज्या जिभेला क्षण लागला नव्हता, तिला 'बेटा' एवढाही शब्द फुटेना.

तिने जानमाजीची घडी केली, खिळ्याला लावली, डोळे पुसले.

"अब्बा, चहा ठेवू?" तिने विचारलं. तशाच अदबीने, नेहमीसारखंच.

"ठेव," मी म्हणालो.