गिटारच्या पोटात अडकलेला रंधा

साल होतं १९७३. मित्रांनो, त्या वर्षी मी एका गिटारच्या पोटात बंद झालो होतो. ती गोष्ट आठवली की आजही माझं पातं थरथरतं!

पण आधी ओळख करून देतो. मी एक जुना पितळी रंधा आहे. रंधा म्हटल्यावर तुम्हाला सुताराचा तो हातभर लांब, धिप्पाड रंधा आठवेल. मी तसा नाही. मी जेमतेम अक्रोडाएवढा, बूड होडीसारखं गोल आणि पातं नखाएवढं. एका कारागिराने दाराची मोडकी कडी वितळवून मला घडवलं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, एका खोलीत, तो जॅझ वाजवणाऱ्यांसाठी गिटारी बनवायचा. या गिटारींचं पोट, म्हणजे तारांखालची पुढची फळी, आणि पाठ घुमटासारखी फुगीर असतात. तो फुगवटा लाकूड वाकवून येत नाही, जाड फळी कोरून कोरून आणावा लागतो. मोठे रंधे नुसते ढीग उपसायचे. शेवटचा कागदासारखा पापुद्रा काढायचा मान माझा. काय तोरा होता तेव्हा माझा!

कारागीर गेला आणि कारखाना त्याच्या दोन मुलींकडे आला. थोरली कोरायची, धाकटी सरस तापवायची आणि जोडकाम करायची. धाकटीचे कान भलते तिखट. बोटाने लाकूड वाजवून ते कुठे जाड, कुठे पातळ, हे ती बिनचूक सांगायची. पण मला हात लावायची तिला बंदी होती. "बाबांनी तो माझ्या हातात दिलाय," असं थोरली म्हणायची, की विषय संपला.

त्यांच्या बाबांच्या गिटारी वर्षानुवर्षं वाजवणारे एक वादक होते. डोक्यावरची टोपी कधी उतरवायचे नाहीत, म्हणून दोघी त्यांना टोपीवाले म्हणत. ते एकदा येऊन म्हणाले, "तुमच्या बाबांचा हात काही आता मिळायचा नाही. पण पुढच्या रविवारी येतो. तुमची नवी गिटार पॉलिश न केलेलीच ऐकतो. आवडली तर माझी."

ते जिना उतरल्यावर थोरली म्हणाली, "नाही आवडली, तर कुलूप. दुसरं गिऱ्हाईक आहेच कुठे? मी फर्निचरच्या कारखान्यात जाते."

"आणि मी?"

"तू सरस ढवळत बस."

गिटार बंद करायचा दिवस आला. पोटाला आतून दोन लांब पट्ट्या चिकटवल्या होत्या. आता फक्त पाठ बसवायची होती. धाकटीने पोटावर टकटक केलं. "ताई, ही डावी पट्टी जाड राहिलीय. आवाज अडकतोय."

"आवाज नाही, तुझं घोडं अडलंय. सरस आण!"

तरी थोरलीने घाईघाईत माझे दोन हात पट्टीवर मारलेच, आणि मला तिथेच, आतल्या कोपऱ्यात ठेवलं. तेवढ्यात वाफाळता सरस आला. तो मिनिटभरात थिजतो, म्हणून नुसती धांदल! "आवळायचा क्लॅम्प दे! तो नाही, लांबडा!" "मला काय चार हात आहेत?" पाठ बसली आणि अंधार झाला. मी ओरडलो, पण रंध्याचं कोण ऐकतं?

पण मित्रांनो, काय सांगू! खाली छापखान्याचं यंत्र धडधडू लागलं आणि माझ्याभोवतीचं सगळं लाकूड गुणगुणायला लागलं. इतकी वर्षं मी ते पापुद्रे कशासाठी काढत होतो, ते मला तिथे, आत बसून कळलं.

सकाळी थोरलीने गिटार उचलली. खडखड, खडखड!

"काय टाकलंस आत?"

"मी? मी काहीच नाही टाकलं!"

"पसारा नेहमी तुझाच असतो!"

पोटावरच्या दोन वळणदार फटींतून मी बाहेर निघणार नव्हतो. धाकटीचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, "ताई, फटीतून सरस ओतते. जे आहे ते चिकटून बसेल. कोणाला कळणार आहे?"

माझी तर बोबडीच वळली.

थोरलीने लहानसा आरसा फटीत घातला, बॅटरी धरली आणि बराच वेळ बघत राहिली. माझ्या पात्यात अजून पट्टीचा कुरळा छिलका अडकलेला होता.

"अगं, काल रंधा कोणाच्या हातात होता?"

"तुझ्या. मला कुठे हात लावू देतेस?"

"हो. मीच विसरले आत. तुला उगाच बोलले."

थोरलीच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. धाकटीच्या हातातली पळी खाली पडली.

"सरस ओतायचा नाही. उघडायची," थोरली म्हणाली.

"पाठ फाटली तर?"

"फाटली तर फाटली. खुळखुळा द्यायचा नाही कोणाला."

मग पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून त्यांनी सांधा सोडवायला घेतला. कट... कट... सरस सुटत होता. मध्येच लाकडाचा एक तंतू उचकटला. "थांब! उलट्या बाजूने ये!" धाकटी ओरडली आणि तिने तिथे गरम पाणी सोडलं. तंतू जागच्या जागी बसला, सुरी पुढे सरकली आणि लख्ख उजेड पडला! पाठ अख्खी निघाली होती.

थोरलीने मला उचललं, एप्रनला पुसलं आणि धाकटीपुढे धरलं. "घे. ती डावी पट्टी तूच उतरव."

"मी?"

"कान तुझे, मग हातही तुझाच."

पहिल्या हाताला मी उडालोच, तिची पकड इतकी घट्ट! तिसऱ्या हाताला मात्र रेशमासारखा छिलका निघाला. टकटक. अजून एक. टकटक. पोट घंटेसारखं घुमलं. "बास!" दोघी एकदमच ओरडल्या.

पाठ पुन्हा चिकटली, तारा चढल्या, आणि रविवारी टोपीवाल्यांनी एक तार छेडली. मग सगळ्या. मग टोपी काढून बाकावर ठेवली आणि तासभर वाजवत राहिले.

शेवटी म्हणाले, "ही तुमच्या बाबांच्या गिटारीसारखी वाजत नाही." दोघींचे चेहरे पडले. "स्वतःसारखी वाजते. पॉलिश लवकर करा गं, मला दम निघत नाहीये!"

ती गिटार ते बावीस वर्षं वाजवत होते. आता त्यांची नात वाजवते. पुढे थोरलीची बोटं आखडली. मग ती सरस सांभाळू लागली आणि तो नेहमी जरा जास्तच तापवायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली. धाकटी अजून कोरते, वर्षाला दोनच गिटारी, पण मागणारे वाट बघत थांबतात. माझं पातं तीनदा बदललं. बूड झिजलं, पण गोलाई तशीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातली हत्यारं पुसून ठेवा, त्यांना तेलाचं बोट लावा. आणि एखादं हत्यार बघून कोणाचे हात शिवशिवत असतील, तर ते त्याला देऊनही बघा. हात कोणाचा आहे, हे आम्ही विचारत नाही. नुसतं पडून राहिलो की मात्र गंजतो.

बरं, पुरे झालं बोलणं. बाकावर नवी फळी आलीय, आणि धाकटी बाह्या वर सारतेय!